रॅपलिंगला कड्यावर पाय लटपटतात? हे करून बघा

सांदण दरीत पहिला रॅपलिंग पॅच, म्हणजे दोराने कडा उतरायचा टप्पा, जेमतेम ४५ फुटांचा, पण कड्याच्या टोकाला पाठ करून उभं राहिलं की गुडघे आपोआप शिवणयंत्रासारखे थडथडायला लागतात आणि माणूस घाबरून दोराला मिठी मारतो, तिथेच पाय सटकतो आणि कपाळ खडकावर. खरा घाबरवणारा भाग म्हणजे पहिली तीन पावलंच, पुढे मजाच मजा.

१. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे ताठ नकोत.
२. खुर्चीत बसतो तसं मागे हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधलेले पट्टे) चक्क बसा, सगळं वजन दोरावर. मन नाही म्हणतं, तरी बसा.
३. दरी बघायची नाही, फक्त पुढचं पाऊल कुठे पडणार तेवढंच. तोंडाने मोठ्याने 'डावा, उजवा' म्हणा, हसू देत लोकांना, श्वास अडकत नाही.
४. ब्रेकचा हात, म्हणजे खाली सुटणारा दोर धरलेला हात, कमरेशी, काही झालं तरी सोडायचा नाही. उड्या तर अजिबात नकोत.

आणि हो, केस, ओढणी, लोंबणारा टीशर्ट आधीच आत खोचा, डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो ते धातूचं साधन) अडकलं तर मधेच लटकाल. खाली पोचल्यावर त्या डिसेंडरला लगेच हात लावू नका, चांगलाच तापलेला असतो, माझं बोट भाजलंय.