वजन उतरवताय? या चुका टाळा

वजन उतरवायला निघालेल्या माणसाची पहिली चूक म्हणजे रोज सकाळी काट्यावर चढणं. काल ७८, आज ७९.२. झालं! मूड गेला आणि व्यायामाला दांडी. अहो, एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही. आदल्या दिवशी खारट जास्त खाल्लं किंवा पोट साफ झालं नाही, एवढ्यानेही काटा किलोभर हलतो. नव्या डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं तेही बरंचसं पाणीच. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते आधी जातं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्याआधी वजन करा. पुरे.

दुसरी चूक, फक्त बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, बघणं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की तो निघतो. २५ पासून जास्त वजन, ३० पासून लठ्ठपणा. आशियाई लोकांना मात्र २३ पासूनच सावध राहायला सांगतात. पण चरबी किती, स्नायू किती आणि ती चरबी साठलीय कुठे, हे त्यातून कळत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फॅटी लिव्हर यांच्याशी जास्त संबंध पोटातल्या चरबीचा. म्हणून मी तरी कमर मोजायच्या टेपवर जास्त विश्वास ठेवतो. टेप लावतानाही गफलत होतेच: पँटच्या मापावर विसंबतात, नाहीतर पोट आत ओढून धरतात (फसवायचं कुणाला?). शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ८० च्या आत.

'तासभर वेळ मिळाला तर व्यायाम करीन' म्हणणाऱ्यांना तो तास कधीच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं तरी हवीतच, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली. जिने, फोनवर बोलताना मारलेल्या फेऱ्या, सगळं जमेस धरा. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही असा वेग. १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला होता.

अर्धा तास चालून आल्यावर 'आज चालतंय' म्हणत चार बिस्किटं खाल्लीत, तर जळलेलं जवळपास परत आलं.

गुडघे दुखतात म्हणून हालचालच बंद करू नका, सायकल किंवा पाण्यातला व्यायाम करून बघा.

आणि खाण्यापिण्यात काही बदल नसताना वजन भराभर वाढत असेल, किंवा मोठ्या घोरण्यासोबत दिवसा डुलक्या येत असतील, तर डॉक्टरांना गाठा. कारण थायरॉइड असू शकतं, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अधूनमधून थांबणं) असू शकतो, स्टेरॉइडसारखं एखादं औषधही असू शकतं. जाताना चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आपल्या मनाने त्या बंद मात्र करू नका.