स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी सुरू झाल्यावर
अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही घ्या, वेळ रोज तीच ठेवा. सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्री. तिचा असर लवकर ओसरतो आणि यकृत कोलेस्टेरॉल मुख्यतः रात्री बनवतं. 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करा.

रिपोर्ट नॉर्मल आला की बरेच जण गोळी सोडतात. कृपया असं करू नका. आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो, काही आठवड्यांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पुन्हा चढतं. डोस दुप्पट केला तरी ते आणखी जेमतेम 6 टक्केच उतरतं, म्हणून पथ्यही हवंच: तूप-लोण्यासारखी संपृक्त चरबी कमी, ओट्स आणि कडधान्यं जास्त.

दोन्ही मांड्या विनाकारण दुखू लागल्या तर डॉक्टरांना कळवा. सोबत लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी गाठा.