‘लार्गो’ लांब की रुंद, हे कसे ठरवावे

स्पॅनिश जाणणारा वाचक गालिसियन, म्हणजे स्पेनच्या वायव्येकडील गालिसिया प्रदेशाच्या भाषेतील, मजकूर वाचताना ओळखीच्या शब्दांवर विसंबतो आणि नेमका तेथेच फसतो. ‘लार्गो’ हे विशेषण स्पॅनिशमध्ये ‘लांब’, तर गालिसियनमध्ये ‘रुंद’ या अर्थाने येते; इंग्रजीतील त्याचे भावंड ‘लार्ज’ म्हणजे ‘मोठे’.

म्हणून प्रथम मजकुराची भाषा निश्चित करावी. स्पॅनिशमधील ‘एल’ आणि ‘ला’ या उपपदांच्या जागी गालिसियनमध्ये ‘ओ’ आणि ‘आ’ येतात, एवढी खूण बहुधा पुरते. ‘मांगास लार्गास’ हे शब्द दोन्ही भाषांत अगदी एकसारखे लिहिले जातात. त्यामुळे भाषा ओळखल्याशिवाय बाह्या लांब आहेत की रुंद, हे सांगता येत नाही.

त्यानंतर द्वैभाषिक कोशाऐवजी त्या त्या भाषेचा स्वतःचा कोश उघडावा. स्पॅनिशसाठी 1713 साली स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा आणि गालिसियनसाठी 1906 पासून कार्यरत असलेल्या रेआल अकादेमिया गालेगाचा कोश प्रमाण मानला जातो. माझ्या मते या टप्प्यावर विरुद्धार्थी शब्द पाहणे सर्वांत उपयोगी ठरते, कारण स्पॅनिश ‘लार्गो’समोर ‘कोर्तो’, म्हणजे आखूड, उभा असतो, तर गालिसियन ‘लार्गो’समोर ‘एस्त्रेइतो’, म्हणजे अरुंद. लांबीसाठी गालिसियनमध्ये ‘लोंगो’ हा वेगळा शब्द आहे. मात्र गालिसियात स्पॅनिशही सर्वत्र चालत असल्यामुळे बोलण्यात ‘लार्गो’ लांबीच्या अर्थानेही कानी पडतो; तेथे संदर्भच निर्णायक मानावा.

व्युत्पत्ती सर्वांत शेवटी पाहावी. लॅटिन ‘लार्गुस’चा अर्थ विपुल किंवा उदार असा होता, आणि ती उदारता इंग्रजी ‘लार्जेस’मध्ये अजून टिकून आहे; परंतु मूळ एक आहे एवढ्यावरून आजचा अर्थ सिद्ध होत नाही. गालिसियनची सख्खी बहीण असलेल्या पोर्तुगीजमध्ये तर रुंदपणावरून ‘लार्गो’ हे शहरातील मोकळ्या चौकाचेही नाव झाले.

विशेषनामांत नाव कोणत्या भाषेतून आले, ते तपासावे: फ्लोरिडातील ‘की लार्गो’ इंग्रजी नकाशावर असले, तरी ते स्पॅनिश ‘कायो लार्गो’वरून, म्हणजे ‘लांब बेट’ या अर्थाने, आलेले आहे. रूढ पदबंधही अखंडच शोधावेत. ‘-च्या कडेने’ किंवा ‘-भर’ या अर्थाचे स्पॅनिश ‘आ लो लार्गो दे’ गालिसियनमध्ये ‘आओ लोंगो दे’ असे होते.