जुनाट दुखण्यावर ऑनलाइन सजगता-उपचार: घरी सुरुवात कशी करावी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. सोलापुरात अशी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागाशी तासन्‌तास उभे राहून कंबर धरलेले कामगार आणि माझ्यासारखे खुर्चीला चिकटून बसणारे, असे सगळेच त्यात येतात. अशा दुखण्यासाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा), म्हणजे आत्ता जे जाणवते आहे ते न झिडकारता लक्ष देऊन पाहण्याचा, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. आता तो मोबाइलवरही करता येतो. कंबरदुखीच्या ३४२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सव्वीस आठवड्यांनंतर हा अभ्यासक्रम दिलेल्या गटातील सुमारे ६० टक्के रुग्णांच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा दिसली, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ती सुमारे ४४ टक्क्यांना दिसली. तो वर्ग समोरासमोर भरत असे. ऑनलाइन पद्धतीचाही फायदा होतो, हे अमेरिकेतील ८११ माजी सैनिकांवरील चाचणीतून २०२४ मध्ये पुढे आले.

या आकड्यांत ज्यांना काहीच फरक पडला नाही असेही पुष्कळ आहेत, हे नजरेआड करू नये. दुखणे तसेच राहूनही त्याच्या धास्तीने आखडलेले अंग सैल होते आणि टाळलेली कामे पुन्हा हाती घेता येतात, एवढीच अपेक्षा ठेवून सुरुवात करावी.

त्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे अनिवार्य आहे. सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढून दाखवले तरी चालेल. दुखण्यासोबत ताप येत असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पायातली शक्ती जात असेल, जांघेभोवती बधिरपणा आला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर ध्यान बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

अभ्यासक्रम निवडताना शिकवणाऱ्याची पात्रता सरळ विचारावी. उपचार म्हणून घेत असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असणे चांगले. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर सूचना कोणत्या भाषेत मिळतील हेही विचारून घ्यावे, कारण अंगातल्या कळा आपण मनात आपल्याच बोलीत मोजतो. ‘दुखणे मुळापासून घालवू’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये.

जागा आणि वेळ ही खरी अडचण असते. दोन खोल्यांच्या घरात, शेजारी मागांची खडखड चालू असताना आणि नळाला नेमके त्याच दिवशी पाणी आलेले असताना रोजच्या सरावाला लागणारा पाऊण तासाचा एकांत मिळत नाही. म्हणून पहाटेची वेळ धरावी. उन्हाळ्यात तर दुसरी सोसवतच नाही. पाण्याच्या दिवशी दहा मिनिटांवर भागवावे. नेट चांगले असेल तेव्हा सूचनांचे ध्वनिमुद्रण उतरवून ठेवावे, फोन आवाजबंद करावा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावे. मागाचा आवाज थांबण्याची वाट पाहू नये. तोही ऐकण्याचाच एक विषय होतो.

पहिला सराव म्हणजे शरीराचे निरीक्षण. मांडी घालण्याचा अट्टहास नको. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर घ्यावी. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून लक्ष हळूहळू वर न्यावे. दुखऱ्या जागी आल्यावर ‘कंबर दुखते’ असे म्हणून पुढे न जाता तिथे नेमके काय जाणवते ते पाहावे: ठणका आहे की ओढ, गरम लागते की जड, कळ कुठून सुरू होते आणि कुठे विरते, श्वास सोडताना ती तेवढीच राहते का. कळ असह्य होऊ लागली तर डोळे उघडावे, लक्ष तळव्यांवर आणावे, कूस बदलावी. मात्र बदलण्याआधी ‘आता हलावेसे वाटते आहे’ याची एकदा नोंद घ्यावी. मला पहिल्या आठवड्यात रोज झोप लागत असे. तेव्हा खुर्चीत बसून करू लागलो.

दिवसाचे कामही याच नजरेने करावे. कळ येईपर्यंत रेटण्याऐवजी घड्याळ लावून वीस मिनिटांनी थांबावे, खांदे सोडावे, तीन श्वास पाहावे आणि मग पुढची विडी वळावी. मजुरी नगावर मिळते त्यांना हे थांबणे परवडत नाही, हे खरे आहे. त्यांनी निदान प्रत्येक कट्टा बांधून झाल्यावर मान सरळ करावी.

सरावात जुन्या आघाताच्या आठवणी उसळल्या, घाबरे वाटले किंवा मन फार खचले, तर डोळे मिटून बसणे थांबवून शिकवणाऱ्याला कळवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर लगेच जवळच्या माणसाला सांगून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

दुखणे आज किती आहे याचे गुण वहीत रोज लिहीत बसू नये. त्याने लक्ष पुन्हा दुखण्यालाच चिकटते. त्याऐवजी आज किती वेळ चाललो, जिना चढलो का, रात्री किती वेळा उठलो, एवढे लिहावे. आठव्या आठवड्याला पहिले पान उघडून दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या आणि फरक नसेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे परत जावे.