गोडी छाटणीनंतर डाउनीचे नियोजन: फवारणीची फेरपालट गटानुसार करावी, कंपनीच्या नावानुसार नव्हे

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या गोडी छाटणीचा, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीचा, मुख्य हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर चालतो आणि परतीचा पाऊस नेमका त्याच दिवसांत निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात रेंगाळतो. पोंगा अवस्थेपासून (डोळे फुगून फुटू लागल्यापासून) मणी सेट होईपर्यंतचा काळ डाउनीच्या, म्हणजेच केवडा रोगाच्या, दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो, कारण या वेळी झालेली लागण पानांवर न थांबता थेट घडात उतरते. गेल्या काही हंगामांत बागायतदारांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती म्हणजे पूर्वी हमखास चालणारे औषध आता चालत नाही. माल बनावट होता, डोस कमी पडला, फवारणीवर पाऊस आला, ही कारणे काही ठिकाणी खरी असतातही; पण कित्येक बागांत औषध चांगले, डोस बरोबर आणि फवारणी वेळेवर असूनही रोग हटत नाही. अशा ठिकाणी कारण खुद्द रोगजंतूत शोधावे लागते, आणि ते समजल्याशिवाय या हंगामाचे फवारणी वेळापत्रक नीट आखता येणार नाही.

रोगाला औषधाची हळूहळू सवय होते, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात कोणताही एक रोगजंतू औषध पिऊन कणखर होत नाही. बागेत कोट्यवधी बीजाणू असतात आणि त्यांतल्या अगदी थोड्यांत, फवारणीच्या आधीपासूनच, जनुकातला एखादा बारीक फरक असतो. औषधाने बाकीचे मरतात, हे थोडे वाचतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. डाउनीला अनुकूल हवामान मिळाले, तर पाच ते दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. म्हणजे छाटणीपासून मणी सेट होईपर्यंत एकाच बागेत अनेक पिढ्या उलटतात. जैविक उत्क्रांतीचा उल्लेख आला की लाखो वर्षांचा काळ डोळ्यांसमोर येतो, पण द्राक्षबागेत तिचा परिणाम एका हंगामात दिसू शकतो आणि तो आपल्याच पंपाने घडवून आणलेला असतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण स्ट्रोबिल्युरिन वर्गातल्या औषधांचे आहे. ही औषधे १९९६ च्या सुमारास बाजारात आली आणि अवघ्या काही वर्षांत फ्रान्स व इटलीतल्या बागांत त्यांना न जुमानणारी डाउनी आढळली. रोगजंतूच्या श्वसनाशी संबंधित सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलॅनिन हे अमिनो आम्ल आले की औषध तिथे बसूच शकत नाही. इतका एकच बदल आणि संपूर्ण गट, म्हणजे जंतूच्या त्याच जागी काम करणारी सर्व औषधे, निकामी. युरोपातल्या नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून २००७ मध्ये असे दिसले की हा बदल किमान दोन वेळा, एकमेकांशी संबंध नसताना, स्वतंत्रपणे निर्माण झाला होता. याचा अर्थ असा की प्रतिकारक डाउनी बाहेरून आपल्या शिवारात येण्याची गरज नाही, फवारणीचा दाब पुरेसा असेल तर ती इथेच निवडली जाते. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतून घेतलेल्या नमुन्यांतही स्ट्रोबिल्युरिन गटाला प्रतिकार असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

व्यवहारात याचा परिणाम थेट आहे. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्सिम-मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, फॅमोक्साडोन आणि फेनामिडोन ही सहा वेगवेगळी नावे दुकानात वेगवेगळ्या डब्यांत मिळतात, पण ती सर्व गट ११ मध्ये येतात आणि वरचा एक बदल झालेल्या डाउनीवर त्यांपैकी एकही चालत नाही. म्हणून एका कंपनीचे औषध सोडून दुसऱ्या कंपनीचे घेतले, पण गट तोच राहिला, तर फेरपालट झालीच नाही असे समजावे. गटांचे हे क्रमांक बुरशीनाशक प्रतिकारावर काम करणाऱ्या ‘फ्रॅक’ या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेले आहेत. लेबलवर क्रमांक छापलेला नसेल, तर औषधाच्या व्यापारी नावाखाली लिहिलेला मूळ घटक पाहावा आणि त्यावरून गट काढावा. मेटालॅक्सिल गट ४, डायमेथोमॉर्फ, मॅन्डिप्रोपॅमिड व इप्रोव्हॅलिकार्ब गट ४०, सायमोक्सॅनिल गट २७, सायाझोफॅमिड गट २१, फ्लुओपिकोलाइड गट ४३, अमेटोक्ट्राडिन गट ४५. तयार मिश्रणांत दोन घटक असतात, तेव्हा दोन्हींचे गट लिहून ठेवावेत; पाठोपाठच्या दोन मिश्रणांत एक घटक समान असणे ही सर्रास होणारी चूक आहे.

गट ४० विषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे डाउनीसाठी त्याच्यावर फार भिस्त आहे. या गटाला प्रतिकार देणारा बदल सेल्युलोज तयार करणाऱ्या जनुकात होतो, पण तो अप्रभावी स्वरूपाचा आहे: रोगजंतूकडे असलेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल असेल तरच तो औषधातून वाचतो. एकाच प्रतीत बदल असलेले जंतू औषधाने मरतात. त्यामुळे बागेत साध्या, औषधाला बळी पडणाऱ्या डाउनीचे प्रमाण जास्त असेपर्यंत लैंगिक संकरातून प्रतिकाराचा प्रसार मंद राहतो. मात्र बदल असलेल्या प्रती शिवारात वाढल्या, की दोन्ही प्रती बदललेले जंतू भराभर तयार होऊ लागतात आणि मग एकाएकी, कोणतीही पूर्वसूचना न देता, औषध हात टेकते. महाराष्ट्रातल्या बागांत या गटालाही प्रतिकार आढळल्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. म्हणून गट ४० ची औषधे रोग दिसल्यावर एकापाठोपाठ मारण्याची नाहीत. ती पावसाच्या अंदाजापूर्वी, प्रतिबंधक म्हणून आणि बहुस्थानी, म्हणजे जंतूच्या अनेक जागी घाव घालणाऱ्या, औषधासोबत वापरावीत. माझ्या मते एका हंगामात कोणत्याही एका आंतरप्रवाही (झाडात शोषल्या जाणाऱ्या) गटाच्या दोनच फवारण्या कराव्यात आणि त्याही लागोपाठ करू नयेत.

बहुस्थानी औषधांत मोरचूद, गंधक, मॅन्कोझेब यांचा समावेश होतो. ती जंतूच्या एका जागी नव्हे, तर एकाच वेळी अनेक जागी घाव घालतात आणि त्या सर्व जागी एकदम बदल होणे जवळजवळ अशक्य असते. फ्रान्समध्ये १८८५ मध्ये मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची शिफारस झाली, त्याला १४० वर्षे होऊन गेली, तरी डाउनीवर ते आजही चालते. दहा-बारा वर्षांत बाद होणाऱ्या नव्या औषधांशेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी. छाटणीनंतर पेस्टिंग (डोळे फुटण्यासाठी काड्यांना लावलेले औषध) पूर्ण वाळल्यावर आणि डोळे फुटण्याआधी ओलांडे (वेलीच्या आडव्या मुख्य फांद्या), खोड व काड्यांवर एक टक्का बोर्डोची फवारणी अवश्य करावी. त्यासाठी एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत विरघळवून दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतावीत आणि एकूण पाणी १०० लिटर करावे. धातूचे भांडे वापरू नये. मिश्रण तयार झाल्यावर घासून स्वच्छ केलेले लोखंडी विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर धरला, तर मोरचूद मोकळे आहे असे समजून पाते स्वच्छ राहीपर्यंत चुन्याची निवळी घालत जावे. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळी फूट निघाल्यावर एक टक्का बोर्डो वापरल्यास पाने करपतात, तेव्हा पुढे तीव्रता कमी करावी, आणि ताम्रयुक्त औषधात फोसेटिल ॲल्युमिनियम मिसळू नये. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेत मॅन्कोझेब किंवा इतर कोणतेही औषध घेण्यापूर्वी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी पाहावी, कारण युरोपातल्या औषध-अवशेषांच्या मर्यादा बदलत असतात.

डोसच्या बाबतीत दोन्ही टोके टाळावीत. एकाच बदलाने पूर्ण प्रतिकार येणाऱ्या गटांत डोस वाढवून काहीही साधत नाही. उलट साधे जंतू अधिक वेगाने संपतात आणि वाचलेल्यांना मोकळे रान मिळते. भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगासाठीच्या ट्रायझोल वर्गात, म्हणजे गट ३ मध्ये, प्रतिकार पायरीपायरीने वाढतो, आणि तिथे कमी डोस दिल्यास अर्धवट प्रतिकारक जंतू वाचून पुढची पायरी चढतात. लेबलवरील मात्रा तंतोतंत पाळणे हाच दोन्हीकडे योग्य मार्ग आहे. आलटून-पालटून फवारावे की दोन गटांचे मिश्रण करावे, यावर उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी बरीच गणिते मांडली आहेत आणि बहुतेक परिस्थितींत मिश्रणाच्या बाजूने कौल पडला आहे, पण त्याला एक अट आहे: मिश्रणातली दोन्ही औषधे त्या बागेत अजून प्रभावी असली पाहिजेत. एक आधीच निकामी झालेले असेल, तर सगळा भार दुसऱ्यावर पडतो.

औषधावरचा हा दाब कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फवारणीची गरजच कमी करणे. डाउनीचे पोहणारे बीजाणू पानाच्या मागच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरतात, म्हणून पान ओले राहण्याचा काळ घटवणे महत्त्वाचे ठरते. फेलफूट (घड नसलेली फूट) वेळेवर काढावी, काड्यांची गर्दी कमी करावी, तारेवर फुटी नीट बांधाव्यात आणि ब्लोअरचे नोझल असे लावावेत की औषध पानाच्या पाठीवर पोहोचेल. रोगट पाने बागेत कुजू देऊ नयेत, कारण डाउनीचे जाड भिंतीचे विश्रांती-बीजाणू गळालेल्या पानांतच तयार होतात आणि जनुकांची नवी सरमिसळही तिथेच घडते.

शिवाराचा विचार एकट्या बागेपुरता करून चालत नाही. बागलाणात अर्ली छाटणी होते. तशीच थोड्या प्रमाणात इतर गावांतही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छाटलेल्या बागा असतात. त्या बागांत जी डाउनी औषधांतून वाचली, तिचेच बीजाणू शेजारच्या उशिरा छाटलेल्या बागेत येतात. त्यामुळे आधी छाटणाऱ्या शेजाऱ्याने कोणते गट वापरले आणि कोणता गट चालला नाही, हे विचारून मगच आपले वेळापत्रक ठरवावे. शेजारच्या चार-पाच बागायतदारांनी एकत्र बसून हे ठरवल्यास त्याचा उपयोग कोणत्याही एका महागड्या औषधापेक्षा जास्त होईल, असे मला मनापासून वाटते.

नवीन लागवड करणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. डाउनी मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७८ मध्ये ती फ्रान्समध्ये आढळली. ज्याला आपण एकच रोगजंतू मानत होतो, त्यात वेगवेगळ्या रानद्राक्षांवर स्थिरावलेल्या, दिसायला सारख्या पण जनुकाने वेगळ्या झालेल्या अनेक जाती आहेत, असे २०१३ मधील संशोधनाने दाखवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांपैकी एकच वंशशाखा युरोपात पोहोचली आणि तिथून पुढे चीन, दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातल्या बागांत गेली. इतर शाखा अजून बाहेर पडलेल्या नाहीत, म्हणून विलगीकरणाच्या अधिकृत मार्गाबाहेरून आणलेली परदेशी काडी किंवा रोप कधीही घेऊ नये. डाउनीला सहनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणांबाबतही सावध असावे. युरोपातल्या बियांका या सहनशील वाणावर मात करणारी डाउनी २०१० मध्ये नोंदवली गेली आहे, आणि तो वाण तेव्हा फार मोठ्या क्षेत्रावरही नव्हता. अशा वाणावर फवारण्या कमी कराव्यात, पण पूर्ण बंद करू नयेत.

फेरपालटीचा हाच नियम फुलकिड्यांनाही लागू होतो, त्याबाबत थोडक्यात. द्राक्ष व मिरचीवर येणारा फुलकिडा ही एक जात नसून किमान नऊ छुप्या जातींचा समूह आहे, तर कांद्यावरच्या फुलकिड्यातही तीन वेगळ्या वंशशाखा ओळखल्या गेल्या आहेत. लासलगावच्या कांद्यावर एखादे कीटकनाशक चालले, म्हणून ते पिंपळगावच्या द्राक्षावर चालेलच असे धरू नये. कीटकनाशकांचे गट-क्रमांक वेगळे असतात: स्पिनोसॅड व स्पिनेटोरम गट ५, इमामेक्टिन गट ६, फिप्रोनिल गट २, सायअँट्रानिलिप्रोल गट २८. स्पिनोसॅडनंतर स्पिनेटोरम घेणे ही फेरपालट नव्हे.

फवारणी करूनही पानांवर डाउनीचे तेलकट डाग दिसत असतील, तर लगेच दुसरे औषध आणायला धावू नये. फवारणीनंतर तीन-चार दिवसांनी डाग असलेली दहा-बारा पाने तोडावीत, आतून पाण्याचा हबका मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती सैलसर ठेवून तोंड बांधावे आणि पिशवी रात्रभर घरात अंधाऱ्या जागी ठेवावी. सकाळी पानांच्या पाठीवर डागाच्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी आली, तर डाउनी जिवंत आहे; डाग कोरडे व तपकिरी राहिले, तर औषधाने काम केले आहे आणि पुढची फवारणी ठरल्या वेळीच करावी. बुरशी आल्यास तो गट या हंगामापुरता बंद करून वेगळ्या गटाचे औषध बहुस्थानी औषधासोबत घ्यावे. शंका राहिल्यास नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मांजरीच्या केंद्रात नमुना दाखवावा. जाताना ताजी डागाळलेली पाने कागदात गुंडाळून घ्यावीत आणि छाटणीच्या तारखेपासूनच्या सर्व फवारण्यांची तारीख, मूळ घटक, गट-क्रमांक व मात्रा असलेली नोंदवही सोबत न्यावी.