दसऱ्याला सगळे जमलेत तर दिवाळीची खरेदी तिथेच ठरवून टाका, कशी ते सांगते

दसऱ्याला आमच्याकडे पुण्यात कोथरूडला सोळा-सतरा माणसं असतात, दोन दीर, जावा, नणंद, पोरं आणि सासूबाई. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात आणि मधे सगळे परत एकत्र भेटतच नाहीत, त्यामुळे दिवाळीचं जे काय ठरवायचं ते त्याच दुपारी ठरवा असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जेवणाचं, कारण बाई स्वयंपाकघरात अडकली तर ठरवणार कोण. श्रीखंडासाठी दहा माणसांना किलोभर चक्का पुरतो, पण तो चार दिवस आधी सांगून ठेवा कारण दसऱ्याच्या सकाळी डेअरीपुढची रांग संपत नाही. श्रीखंड आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये, मसालेभाताची भाजी चिरून ठेवलेली, सकाळी फक्त पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. पुऱ्या लाटायला पुरुषांना बसवा, आमच्याकडे बसतात आणि छान लाटतात. झेंडू मार्केटयार्डात पहाटे जाऊन आणला तर टवटवीत मिळतो. आपट्याची पानं घेताना मात्र नीट बघा, पुष्कळदा कांचनाची पानं आपटा म्हणून विकतात, कांचनाचं पान मोठं असतं, आपट्याचं लहान आणि जाडसर. आणि फांद्याच्या फांद्या आणू नका हो, घरटी एक डहाळी पुरे, झाडं ओरबाडली जातात ते बघवत नाही.

मुलांकडून पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून घ्या, पूजा झाली की सोनं आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला द्यायचं, मग जेवण.

आता मुख्य गोष्ट. पैशाचं बोलणं भरल्या हॉलमध्ये करू नका. दोन वर्षांपूर्वी आम्ही पानं वाटून झाल्यावर सोन्याचा भाव, कोण किती तोळे घेणार, भाऊबीजेला काय घालणार असं मोठमोठ्यानं बोलत बसलो होतो आणि धाकट्या दिरांची नोकरी नुकतीच गेली होती, आम्हाला माहीत होतं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, ते ताटावरून उठले आणि काम आहे म्हणून निघून गेले. जाऊबाई नंतर फोनवर रडल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून आमच्या थोरल्या जाऊबाई दसऱ्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला वेगळा फोन करतात, ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यांच्याकडे द्यायचं, कुणी किती दिलं ते फक्त त्यांना माहीत. त्यातून फराळाचं सामान आणि मुलांचे कपडे. ज्याला काहीच जमणार नाही त्याने काम घ्यायचं, आणि कामाची किंमत कमी नाही हे सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं.

दुपारी चहाला वही काढा. फराळ वाटून घ्या, एका घरात चकली, एका घरात चिवडा, एकीकडे लाडू. अनारसे जिच्याकडे असतील तिने लगेच लागायला हवं, तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, मग वाळवून दळून गुळात कालवून पीठ मुरत ठेवायचं. चकलीच्या भाजणीला आम्ही एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभराडाळ, पाव किलो उडीदडाळ, वर मूठभर पोहे, धने आणि जिरं घेतो, प्रत्येक वेगळं भाजायचं. परदेशी कुणाला पाठवायचं असेल तर त्यांचा डबा सगळ्यात आधी, नाहीतर तो दिवाळी संपल्यावर पोचतो.

खरेदीचा क्रम शिवणावरून लावा. ब्लाउज आणि ड्रेस पहिल्या दोन-तीन दिवसांतच टेलरकडे गेले पाहिजेत, नंतर कुणी हातात घेत नाही, म्हणून साड्या पहिल्या. लक्ष्मी रोडला गाडी नेऊच नका. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो थांबते, वनाझला बसायचं, सिव्हिल कोर्टाला बदलायची, कसबा पेठेनंतर मंडई. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी सकाळी अकराला पोचा, तुळशीबागेत तेव्हा निदान नीट चालता येतं. किरकोळ भांडी, रांगोळी, कानातली तुळशीबागेत, गिफ्टची पाकिटं न् डबे घाऊकमध्ये बोहरी आळीत, पणत्या कुंभारवाड्यात जाऊन थेट त्यांच्याकडून घ्या आणि तिथे घासाघीस करू नका, वर्षभराची कमाई त्यांची याच दिवसांत होते. दिवाळी अंकांसाठी अप्पा बळवंत चौक, तो एक तास मी माझ्यासाठी राखून ठेवते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय हवं विचारलं तर काही नको म्हणतात. आमच्याकडे एका वर्षी सासूबाईंना तीन घरांकडून तीन साड्या आल्या, तिन्ही जवळजवळ एकाच रंगाच्या, आणि त्यांचा चष्मा सहा महिने दोऱ्याने बांधलेला होता. म्हणून आता दसऱ्याला जेवणं झाली की मी त्यांच्याबरोबर बसून त्यांचं कपाट आवरते. झिजलेली चप्पल, विरलेलं स्वेटर, संपत आलेलं गुडघ्याचं तेल, सगळं तिथे दिसतं, मनात लिहून घ्यायचं आणि घराघरांत वाटून द्यायचं.

आणि त्यांना एकदा तरी बाजारात न्या. गर्दी झेपत नाही म्हणून घरी ठेवतो आपण, पण दसऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा अगदी दुकानाच्या दारापर्यंत नेऊन, एकच दुकान, बसायला खुर्ची मागून घ्यायची, जमतं. मागच्या वर्षी सासूबाई तासभर बसल्या, वीसेक साड्या हाताने चाचपून बघितल्या, घेतली एकच, तीही नणंदेसाठी. येताना मंडईतून मुलांच्या किल्ल्यावर पेरायला अळीव घेतले, ते मात्र त्यांनी स्वतःच्या पिशवीतले पैसे काढून दिले.