अनसाइन्ड बँड चालवायचाय? पुण्यातून थोडा अनुभव

आधी आमची ओळख. पुण्यातले चौघं. गिटार, बेस, ड्रम्स, आणि चौथा जे वाजवतो त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलं नाही, म्हणजे जुना टेपरेकॉर्डर, पत्र्याचे डबे, एक छोटा सिंथ असा सगळा संसार टेबलावर मांडून बसतो. ड्रमर संबळ पण रीतसर शिकलाय. रेकॉर्ड लेबल नाही (म्हणूनच अनसाइन्ड), मॅनेजर नाही, आणि गायन जवळपास नाहीच. बँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, नाहीतर म्हणाल जाहिरात करायला आला. कॉलेजातली पोरं सारखी विचारतात की असलं काही सुरू करायचं तर काय लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, स्वतःबद्दल कसं सांगायचं. "आम्ही कुठल्याच जॉनरमध्ये बसत नाही" हे वाक्य काढून टाका. कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाला असे मेल रोज येतात आणि त्यातून त्याला कळत काहीच नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात, किती माणसं, किती वेळ, आणि ऐकू काय येणार. आमचं असं आहे: चार जण, ४५ मिनिटांचा सलग सेट, सात मात्रांतला रॉक, सोबत संबळ आणि डब्यांचे आवाज. बास. खाली एक व्हिडिओची लिंक, तीही जॅमरूममध्ये, म्हणजे भाड्याच्या सरावाच्या खोलीत, एका टेकमध्ये शूट केलेली, कारण चकाचक एडिट केलेल्या व्हिडिओवरून तुम्ही लाइव्ह कसे वाजवता ते समजत नाही.

सात मात्रांचं सांगतो कारण त्यावर सगळे अडतात. सात मात्रांच्या रूपक तालात सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'च्या जागी येते, त्यामुळे तिथे बायाचा (डग्ग्याचा) तो भरीव ठोका पडतच नाही, आणि रॉक ऐकणाऱ्याचा कान नेमका तिथेच किक ड्रम शोधत असतो. आम्ही ड्रम्स सातात ठेवतो आणि गिटारचा रिफ (सारखा फिरून येणारा तुकडा) चारात. दोघं २८ मात्रांनी एकत्र येतात. मधल्या वेळात ऐकणाऱ्याला वाटतं की हे चुकले, आणि मग अचानक सगळं एकावर एक पडतं. हे जमायला मेट्रोनोमपेक्षा टाळी-खाली हातावर धरून बसणं जास्त कामी आलं, खरं सांगतो. तबल्याच्या क्लासला लहानपणी जबरदस्तीने पाठवलेलं असेल तर घरच्यांचे आभार माना.

आता डब्यांचं. लोकांना वाटतं महागडं काहीतरी आहे, पण डब्याचा आवाज उचलते ती साधी पिएझो डिस्क, थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी पितळी चकती, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चहाच्या पैशांत मिळते. एक वायर मधल्या पांढऱ्या भागाला, एक कडेच्या पितळेला, सोल्डर पटकन मारायचं कारण जास्त वेळ गरम केलं की पांढरा थर मरतो. वायर शील्डेड (आत जाळीचं आवरण असलेली) घ्या, साधी घेतली तर ट्यूबलाइटची गुणगुण सगळ्या सेटभर ऐकाल. दुसऱ्या टोकाला गिटारचा जॅक. चकती डब्याच्या बुडाला घट्ट चिकटवायची, सैल राहिली की नुसता खरखराट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही चकती थेट मिक्सरच्या लाइनमध्ये घालू नका, बेस गायब होतो आणि आवाज अगदी किरटा येतो, मध्ये साधारण १ मेगाओहम इनपुटचा बफर नाहीतर प्रीअँप, म्हणजे सिग्नल सांभाळणारं छोटं सर्किट, पाहिजे. अकूस्टिक गिटारसाठीचा कुठलाही जुना प्रीअँप चालतो. आमचा जुन्या बाजारातला आहे, रविवारी सकाळी लवकर गेलं तर बऱ्या वस्तू मिळतात.

सराव जॅमरूममध्येच करा, सोसायटीत करायचा विचार पण करू नका. वीकडेला सकाळी स्लॉट रिकामे असतात आणि भाव पण होतो, पण आमच्यातले दोघं हिंजवडीला नोकरीला आहेत, त्यामुळे आमचं सगळं शनिवारी सकाळी.

वाजवायचं कुठे हा खरा प्रश्न आहे. पबमध्ये पहिला प्रश्न येतो, कव्हर्स (दुसऱ्यांची गाजलेली गाणी) किती करता? त्यात वाईट काही नाही, त्यांना टेबलं भरायची असतात. पण आमच्या सेटमध्ये चार मिनिटं फक्त टेपचा हिस्स आणि ब्रशचा आवाज आहे, तिथे शेजारच्या टेबलावर बर्थडेचा केक कापतायत, मग दोघांचाही वेळ वाया. कव्हर्स करून पैसे कमवायचे असतील तर जरूर कमवा, फक्त वेगळ्या नावाने करा. एका ठिकाणी गेटवरच्या कलेक्शनमधला वाटा ठरला होता, तोंडी, आणि रात्री हिशोब विचारल्यावर मालक फोनवरच बोलत राहिले. तेव्हापासून आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आकडा लिहून घेतो.

आमचं म्हणणं असं की महाराष्ट्रात शांत बसून विचित्र काहीतरी बघणारा प्रेक्षक आहेच, तो फक्त रॉकच्या बाजूला बसलेला नाही, नाटकाच्या बाजूला बसलाय. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं झाली तेव्हा तिथे कुठे नाट्यगृहाच्या सोयी होत्या? पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, छोटी जागा, लोक तिकीट काढून मोबाइल बंद करून बसतात. फिरोदिया करंडक ही कॉलेजांची स्पर्धा केलेली पोरं तर स्टेजवर लाइव्ह म्युझिक आणि अभिनय एकत्र बघून मोठी झालीयेत, त्यांना आमचा सेट समजावून सांगावा लागत नाही. म्हणून नवीन बँडला माझा सल्ला, फेस्टिव्हलच्या मागे लागायच्या आधी आपल्या गावातला नाटकाचा ग्रुप गाठा. त्यांच्याकडे लाइट्स असतात, हॉलवाल्याशी ओळख असते, आणि त्यांना पार्श्वसंगीत करणारं कोणीतरी कायम हवंच असतं.

स्टेजवर जाताना दोन कागद हवेत, स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट. कोण कुठे उभा, कोणाला डीआय (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणारा डबा), कोणाला माइक, संबळाला दोन माइक (एका तोंडाला एक), पिएझोच्या चॅनलला फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकला जाणारी वीज) बंद. साउंडवाल्या दादांना हे आधी पाठवलं की ते तुमच्याशी माणसासारखं बोलतात. ग्राउंड लिफ्टवाला (गुणगुण तोडायचा स्विच असलेला) डीआय आणि आपला एक्स्टेन्शन बोर्ड जवळ ठेवा, आणि गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, शॉक बसतो.

कागदपत्रं. इथे सगळे कंटाळतात आणि मग भांडतात. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि शब्दांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा. गाणं तयार झालं की त्याच आठवड्यात कोणाचे किती टक्के ते एका पानावर लिहून चौघांनी सह्या करायच्या. आम्ही सरळ समान वाटून टाकलंय, कारण डब्यावर वाजवलेला ठोका 'रचना' आहे का यावर वाद घालायची कोणाची ताकद नाही. संगीतकार आणि गीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासद व्हा, रचनेची रॉयल्टी गोळा करणारी १९६९ पासूनची संस्था आहे, आणि तिथून येणारे पैसे डिस्ट्रिब्युटरच्या (तुमची गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीच्या) पैशांपेक्षा वेगळे असतात.

उद्या लेबल आलंच तर? साइन व्हायचंच नाही असली काही शपथ घेतलेली नाही. पण मास्टर कायमचे द्यायचे नाहीत, ठराविक वर्षांसाठी लायसन्स द्यायचं, एवढं ठरलंय. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ एकदा वाचाच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. अर्थात करार बनवणाऱ्यांना हे तुमच्याआधी माहीत असतं, म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असले शब्द त्यात आधीच बसलेले असतात, ते शोधा.

स्ट्रीमिंगवर जगता येत नाही हे वेगळं सांगायला नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या ट्रॅकला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम्स नसतील तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. तिथे ठेवा, लोकांना सापडायला बरं पडतं, पण विकायला बँडकॅम्प ही थेट विक्रीची साइट बरी, डिजिटलवर १५ टक्के कापतात आणि पूर्ण अल्बम एकसंध राहतो. मास्टरिंगला, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या हाताला, उगाच आवाज चढवून घेऊ नका, स्पॉटिफाय सगळं साधारण -१४ लफ्सवर (LUFS, आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आणून ठेवतं, मग दाबून सपाट केलेलं गाणं तिथे उलट बारीक वाटतं आणि तुमचे ते शांत भाग फुकट जातात.

पुढचं म्हणाल तर अल्बम एकच सलग तुकडा असणार, आणि तो घेऊन सांगली, कोल्हापूर, नाशिक इथल्या छोट्या हॉलमध्ये जायचंय, खुर्च्या शंभर असल्या तरी चालेल. त्यासाठी सध्या एक व्हायोलिन वाजवणारा किंवा वाजवणारी शोधतोय. सात मोजता आलं पाहिजे, शनिवारी सकाळी नऊला पुण्यात हजर पाहिजे, आणि जॅमरूम दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, बेसचा अँप सगळे मिळून उचलतात.